मनालीसाठी गाडी ठरवताना

जानेवारीत मनालीला जायचं ठरलं की घरात पहिला वाद गाडीवरून होतो. आमच्याकडेही झाला. विमानाने चंदीगड, तिथून भाड्याची गाडी घेऊन वर जायचं, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे धाकट्या भावाला थार हवी होती. नवऱ्याचं म्हणणं, ड्रायव्हरसकट इनोव्हा घेऊ आणि निवांत मागे बसू. बाबांनी उभी हयात एसटी चालवली, त्यातली बरीच वर्षं कुंभार्ली आणि आंबा घाटात. त्यांनी एवढंच विचारलं, "टायर कसले आहेत?"

त्या वेळी कुणी फारसं लक्ष दिलं नाही, पण चौकशी करत गेले तसं कळत गेलं की खरा प्रश्न तोच आहे. युरोपात हिवाळ्यात गाडीला वेगळे टायर चढवतात. त्यांचं रबर थंडीत मऊ राहतं. आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या गाड्या मे महिन्यात ज्या टायरवर फिरतात, जानेवारीतही त्याच टायरवर फिरतात. तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलं की हे रबर कडक होऊ लागतं आणि रस्त्यावरची पकड कमी होते. गाडी पाच लाखांची असो की पंचवीस लाखांची, रस्त्याला टेकलेले असतात ते चार तळहातांएवढे रबराचे तुकडे. ते घसरायला लागले की बॉनेटची उंची कामाला येत नाही.

भाऊ मात्र फोर बाय फोरवर अडून बसला होता. त्याचंही चूक नव्हतं. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते, चढते. पण थांबताना प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना ब्रेक लागतोच, तिथे फोर बाय फोरचा काही उपयोग नसतो. आणि डोंगरात खरी भीती असते ती उतारावर. बाबा म्हणाले, "गाडी चढतेय का ते नंतर बघू. उतरताना थांबतेय का ते आधी सांग."

तरीही मी थारची चौकशी केली. चंदीगडच्या एका गाडीवाल्याने 'थार आहे, बर्फाला एकदम फिट' असं सांगितलं. मी त्याला गिअरच्या दांड्याचा फोटो पाठवायला सांगितलं. फोटो आला, त्यात दांडा एकच होता. २०२३च्या जानेवारीपासून थार टू व्हील ड्राइव्हमध्येही मिळते. दिसायला तीच, पण ताकद फक्त मागच्या चाकांना. फोर बाय फोर असेल तर मोठ्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा असतो. रिकामी, मागच्या चाकांवर ढकलली जाणारी गाडी बर्फात सगळ्यात आधी शेपूट फिरवते. त्यापेक्षा पुढच्या चाकांवर ओढली जाणारी साधी गाडी बरी, कारण इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच असतं. इनोव्हा क्रिस्टाही मागच्या चाकांवरच चालते, हे तेव्हाच नवऱ्याच्या लक्षात आणून दिलं.

आणखी एकाने फारच स्वस्तात गाडी देऊ केली. नंबर प्लेट विचारली तर पांढरी. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असायला हवीत. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची, तिचा विमाही खासगी वापराचाच. ती भाड्याने घेतली आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. वाचलेल्या पैशापायी एवढी जोखीम घ्यावी असं मला अजिबात वाटत नाही, आणि कुणी घेऊ नये.

शेवटी ठरली ती काळ्या पाटीची, पेट्रोलवर चालणारी, पुढच्या चाकांना ताकद असलेली मध्यम उंचीची गाडी. गिअर हाताने बदलायचे. हा बाबांचा आग्रह, कारण उतारावर दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर सतत पाय ठेवावा लागत नाही. पेट्रोल माझ्या आग्रहाने. खूप थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठायला लागतं, फिल्टर तुंबतो आणि सकाळी गाडी सुरूच होत नाही. मनालीत रोज तशी थंडी पडत नाही, पण पडते तेव्हा हॉटेलच्या अंगणात अर्धा दिवस जातो.

चंदीगडला गाडी ताब्यात घेताना बाबा उकिडवे बसले. पहिल्या गाडीच्या टायरवर त्यांनी अंगठा आडवा फिरवला. मधल्या खाचा ठीक होत्या, आतल्या कडेच्या जवळजवळ गुळगुळीत. बाहेरून उभ्याने बघितलं असतं तर कळलंच नसतं. मग टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचले. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुनाट निघाले. "ही नको," एवढंच म्हणून ते उठले. दुसरी गाडी आली तिचे टायर वर्षभराच्या आतले होते. इंजिन थंड होतं म्हणून कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बघता आलं. कूलंट रंगीत आणि दाट होतं. पातळ, पाण्यासारखं दिसलं असतं तर भरून घेतलं असतं, कारण नुसतं पाणी गोठतं, फुगतं आणि इंजिनाला तडे घालू शकतं. गाडी देणारा पोरगा सगळं बघत होता. त्याने आपणहून डिकीतली बर्फावरची साखळी काढून दाखवली. ती या टायरच्या मापाची आहे का, हे आम्ही तिथेच एकदा चढवून पाहिलं. रात्री, बर्फात, गोठलेल्या बोटांनी हे पहिल्यांदा करायचं नसतं.

बिलासपूर, मंडी, पंडोह, कुल्लू. रस्ता बराचसा चौपदरी झालाय. गाडी मीच चालवली आणि मजेत चालवली. मनालीत पहिल्या रात्री बर्फ पडला. बाबांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावला होता, हँडब्रेक ओढलाच नव्हता. ओला हँडब्रेक रात्रीत गोठून अडकतो, हे हॉटेलच्या रखवालदाराने सांगितलं होतं. वायपरही उभे करून ठेवायला त्यानेच सांगितलं.

सकाळी अटल बोगद्याकडे जायचं होतं. बर्फ पडला की पोलीस सोलंगच्या अलीकडेच साध्या गाड्या अडवतात आणि फक्त फोर बाय फोर सोडतात. ते योग्यच आहे. २०२४च्या डिसेंबरात सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या आणि पोलिसांना रात्री लोकांना खाली आणावं लागलं होतं. आमची गाडी आम्ही अंगणातच ठेवली आणि एका स्थानिक ड्रायव्हरची फोर बाय फोर बोलेरो कॅम्पर केली. भावाची हौसही त्यातच भागली.

त्या माणसाने फोर बाय फोर असूनही मागच्या चाकांना साखळ्या चढवल्या. साखळी चाकावर पसरली, गाडी जेमतेम हातभर पुढे घेतली, मग आतून आकडा लावला. थोडं अंतर जाऊन उतरला आणि पुन्हा ताणून घट्ट केली. वाटेत देवदारांच्या सावलीत रस्ता नुसता ओला, काळा दिसत होता. मला तो निर्धोक वाटला. त्याने मात्र तिथेच वेग आणखी कमी केला. तो पाण्यासारखा पारदर्शक बर्फ होता, ऊन लागेपर्यंत तसाच राहणारा. पुढे दिल्लीकडची एक मोठी, चकचकीत गाडी आडवी होऊन डोंगराला टेकली होती. "चढ़ तो गई थी सर," आमचा ड्रायव्हर बाबांना म्हणाला, "उतरते में गई." बाबांनी मान डोलावली आणि त्याला त्याच्या टायरबद्दल विचारायला सुरुवात केली. बोगद्यापर्यंत दोघांचं तेच चाललं होतं.

पुढच्या हिवाळ्यात स्पितीचं घाटतंय. कुंझुम खिंड तेव्हा बंद असते, म्हणजे शिमल्याहून किन्नौरमार्गे जायचं. भावाने पुन्हा थारचे फोटो पाठवायला सुरुवात केली आहे. मी रेकाँग पिओपर्यंतच स्वतः चालवणार आहे. तिथून वर गाडी तिथली आणि चालवणाराही तिथलाच, एवढं मी त्याला कळवून टाकलंय.