गेलेल्यांची हजेरी

यंत्र अडले की आपण पहिला दोष त्याच्या देहाला देतो. माझ्या संगणकाचा डिस्क-ड्राइव्ह मुका झाला तेव्हा 'नवा घ्या' असेच सर्वांनी सांगितले. खण ऐटीत बाहेर येई, दिवा लुकलुके. पण यादीत त्याच्या नावावर पिवळे उद्गारचिन्ह आणि शेरा : कोड ३९, ड्रायव्हर खराब किंवा गहाळ. आत तबकडी होती, आईच्या जात्यावरच्या ओव्यांची. आई २००९ साली गेली.

ड्राइव्ह मात्र धडधाकट होता! विंडोज आणि यंत्र यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या असतो. तबकड्या लिहिणारे प्रोग्रॅम त्याच्या जोडीला आपलेही मध्यस्थ बसवतात आणि रजिस्ट्री नावाच्या खातेवहीत 'अपरफिल्टर्स', 'लोअरफिल्टर्स' या सदरांखाली त्यांची नावे घालतात. प्रोग्रॅम काढला तरी नाव कधी कधी मागे राहते. संगणक इमानाने त्याला हाक मारतो. 'हजर' येत नाही, आणि सारेच खोळंबते. शाळा सोडून गेलेल्या मुलासाठी वर्गच भरू नये, तसे!

रजिस्ट्रीची प्रत जपून ठेवून मी ड्राइव्हच्या सदरातल्या त्या दोन नोंदी पुसल्या आणि संगणक पुन्हा सुरू केला. उद्गारचिन्ह नाहीसे झाले. खोलीत जात्याची घरघर उमटली, मागोमाग आईचा आवाज.

गेलेल्यांची नावे पटावरून वेळीच काढावीत, हे खरेच. पण हाकेसरशी जे अजून 'हजर' म्हणतात, त्यांची नावे कोणी खोडावीत?