निघणं आणि वळणं

४ नोव्हेंबर, मंगळवार

पाऊस कधीचाच सरलाय, थंडी अजून धड आलेली नाही, पण पहाटे गोल्फच्या ग्रीनवर दव पडायला लागलंय. माळी लांब बांबू फिरवून ते झाडतात. त्याच्या आत पोचलं, तर पटिंग शिकवायला याच्यासारखी वेळ नाही. दवात बॉलची रेघ उमटते.

कर्नलसाहेबांना साडेसहाला बोलावलं होतं. फौजी माणूस, सव्वासहालाच पटर घेऊन उभे. बारा फुटांचा पट, उतार उजवीकडून डावीकडे. बॉल होलच्या डावीकडून, खालच्या अंगाने निघून गेला. त्यांचं निदान तयारच असतं : "ओढला मी." म्हणजे मनगट वळलं आणि पटरचं तोंड डावीकडे गेलं.

"सर, आधी रेघ बघा," म्हटलं.

दोघंही उकिडवे बसलो. सुरुवातीची वीतभर रेघ तुटक होती. पटर लागल्याबरोबर बॉल जरासा उचलला जातो, घसरतो, मग लोळायला लागतो. त्यापुढे रेघ अखंड, आणि अर्ध्याच्या पुढे जाईपर्यंत जवळपास सरळ, त्यांनी नेम धरला होता बरोबर त्याच दिशेने. वळण दिसत होतं ते शेवटच्या तीन-चार फुटांत. उतार पहिल्यापासून तेवढाच होता. पण बॉल जोरात असतो तेव्हा त्याच उताराला त्याला फारसं वळवता येत नाही. वेग निम्मा झाला की वळण चौपट तीव्र होतं. त्यामुळे वाचायची ती होलजवळची तीन पावलं. लोक मात्र बॉलजवळचीच जमीन डोळे फाडून बघत बसतात.

कर्नलसाहेबांनी काहीही ओढलेलं नव्हतं. त्यांनी ब्रेक, म्हणजे उताराने येणारं वळण, कमी धरला होता. 'ओढला' समजून त्यांनी पुढचा पट मुद्दाम उजवीकडे ढकलला असता, तो कदाचित गेलाही असता, आणि मग ती ढकलायची खोड वर्षभर निस्तरावी लागली असती. बॉल निघाला कुठे हा एक प्रश्न आणि वळला का हा दुसरा. दोन्ही एकाच खात्यात टाकले की हिशोब कधीच लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांचं दुखणं हेच आहे, ग्रीनवरही आणि रेंजवरही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी सॉफ्टवेअरवाल्यांची बॅच. त्यातल्या एकाला चिवट स्लाइस आहे. बॉल डावीकडून निघतो आणि केळीसारखा उजवीकडे वळत कुंपणाच्या जाळीत जातो. त्याने रात्री जागून व्हिडिओ पाहिलेत आणि त्याची खात्री पटलीय की क्लबचं तोंड उघडं राहतंय. म्हणून ग्रिप आणखी आवळत, वळवत नेतोय. परिणाम असा, की बॉल आणखी डावीकडून निघतो.

दहा पावलांवर टार्गेटच्या रेषेत एक काठी रोवली. म्हटलं, बॉल कुठे पडतो ते बघूच नका, काठीच्या कुठल्या बाजूने गेला तेवढं सांगा. प्रत्येक वेळी डावी बाजू. मग तोंड उघडं कसं असेल?

जुन्या शिकवणीत सांगायचे की बॉल स्विंगच्या वाटेने निघतो आणि तोंड जिकडे असेल तिकडे वळतो. कित्येक पुस्तकांत अजून हेच छापलेलं सापडतं. थिओडोर जॉर्गेनसेन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४च्या 'द फिजिक्स ऑफ गोल्फ'मध्ये टकरीचं गणित नीट मांडलं. पुढे २००३मध्ये सुरू झालेल्या ट्रॅकमॅन या डॅनिश कंपनीच्या रडारने ते शॉटगणिक पडद्यावर दाखवलं. बॉल निघतो तो मुख्यतः क्लबच्या तोंडाच्या दिशेने. ड्रायव्हरला साधारण ८५ टक्के आणि आयर्नला ७५ टक्के वाटा तोंडाचा. आणि वळतो तो तोंड नि वाट यांच्यातल्या फरकाने, वाटेपासून दूर.

या पोराचं बघा. तोंड टार्गेटच्या तीन अंश डावीकडे धरू, क्लबची वाट आठ अंश डावीकडे. बॉल चारेक अंश डावीकडून निघणार आणि उजवीकडे वळत जाणार. तोंड टार्गेटच्या हिशोबाने बंदच आहे, उघडं आहे ते वाटेच्या हिशोबाने. म्हणजे ग्रिपला हात लावायचाच नाही, वाट सुधारायची. हे त्याला कागदावर बाण काढून दाखवलं तेव्हा दोन मिनिटांत पटलं. हातांना पटायला दिवाळीपर्यंत, म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत, वेळ लागेल असं दिसतंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

गर्दी. ड्रायव्हर घेऊन सुटलेले सगळे. एक गोष्ट टिपून ठेवतो : वरचा सगळा हिशोब बॉल तोंडाच्या मधोमध लागला तरच खरा. बॉलवर मार्करने ठिपका काढून तो भाग क्लबकडे करून ठेवला की क्लबवर छाप उठतो. टोकाला लागला तर ड्रायव्हरचं डोकं उघडत फिरतं, बॉल उलट्या अंगाने गरगरतो आणि डावीकडे वळतो. टाचेकडे लागला तर उजवीकडे. आज एकाची वाट ठीक, तोंड ठीक, तरी स्लाइस. छाप टाचेला. बॉलपासून दोन बोटं मागे सरकवून उभा केला, संपलं.

९ नोव्हेंबर, रविवार

बऱ्याच दिवसांनी कोर्सवर. कॅडी नवा होता, दौंडकडचा, विशीच्या आतला. क्लब ओळखायला चाचपडत होता, पण ग्रीनवर चढलो आणि गडी बदलला. दुसऱ्या होलच्या ग्रीनवर मी डावीकडे एक कप धरत होतो. तो मागे उभं राहून बघतही नव्हता, ग्रीनच्या कडेने नुसता चालत गेला आणि म्हणाला, "पाणी सोडलं तर त्या बंकरच्या अंगानं निघंल, सर. डावीकडनं दोन कप धरा."

धरले. पट गेला.

विचारलं तेव्हा कळलं, घरी ऊस आहे आणि शाळेत असल्यापासून पोरगा रात्रीची दारं धरतोय. बॅटरीच्या उजेडात कुठल्या सरीत पाणी तुंबेल आणि कुठे बांध फोडून निघून जाईल हे ज्याला कळावं लागतं, त्याला दीड-दोन टक्क्यांचा उतार वेगळा शिकवावा लागत नाही. ग्रीन बांधणाऱ्यालाही पहिली काळजी पाण्याचीच असते. पावसाचं पाणी साचलं की गवत कुजतं, म्हणून प्रत्येक ग्रीनला पाणी बाहेर पडायच्या वाटा मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्या वाटा सापडल्या की अर्धं वाचन झालं. मी शिकणाऱ्यांना सांगतो, ग्रीनवर चढायच्या आधी वीस-तीस पावलं लांबूनच बघा. वर चढल्यावर डोळा त्या उतारालाच सपाट समजायला लागतो.

जुने कॅडी मात्र 'सगळं नदीकडे ओढतं' एवढ्यावर भागवतात. नदी काही ओढत नाही. सगळी जमीनच नदीकडे उतरते, म्हणून ते बऱ्याचदा खरं ठरतं. पण मातीचा भराव टाकून उठवलेल्या ग्रीनवर तेच वाक्य हमखास तोंडघशी पाडतं.

या पोराला एक नियम सांगून ठेवला : मी पवित्रा घेतला की माझ्या मागे, रेषेत उभं राहायचं नाही. २०१९पासून ते चालत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

स्टिम्पमीटर बाहेर काढला. नाव भारदस्त, वस्तू म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची यार्डभर लांब पन्हळ. खाचेत बॉल ठेवायचा, एक टोक हळूहळू उचलायचं, साधारण वीस अंशांना बॉल आपणहून सुटतो. तो किती फूट गेला तो ग्रीनचा वेग. उलट दिशेनेही मोजायचं आणि सरासरी काढायची. १९३५च्या यूएस ओपनला ओकमाँटवर जीन सॅराझनचा पट ग्रीनवरून थेट बंकरमध्ये गेलेला एडवर्ड स्टिम्पसनने पाहिला आणि हे यंत्र केलं. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ते उचललं सत्तरच्या दशकात.

आमचा सरावाचा ग्रीन सकाळी ओल असताना साडेसात भरला, दुपारी नऊच्या जवळ. म्हणजे तोच पट, तोच उतार, दुपारी ब्रेक जास्त. सकाळची लाइन पाठ करून दुपारी खेळायला जाणाऱ्यांना हे सांगितलं की ते नाराज होतात.

कर्नलसाहेब म्हणतात, "मला फक्त लाइन सांगा, वेगाचं मी बघतो." लाइन अशी सुटी नसतेच. एका होलकडे जाणाऱ्या लाइनी अनेक आणि प्रत्येकीचा वेग ठरलेला. होल १०८ मिलिमीटर रुंद, पण पूर्ण रुंदीचा तो फक्त दमत आलेल्या बॉलला. ब्रायन होम्स यांनी १९९१मध्ये हिशोब मांडला होता : सपाट ग्रीनवर बॉल अगदी मधोमध आला तरी सेकंदाला १.६ मीटरच्या वर वेग असेल तर तो होल ओलांडून जातो. कडेने आला तर सूट आणखी कमी. पटिंग शिकवणारे डेव्ह पेल्झ यांचा सल्ला असा, की चुकलेला पट होलच्या पुढे १७ इंचांवर थांबेल इतका जोर ठेवावा. आमच्या खडबडीत ग्रीनवर तो मला पटतो. उताराच्या खालच्या दिशेने जाणाऱ्या पटला नाही. तिथे बॉल कडेवर येऊन दमलेला बरा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रात्री टेटविषयी वाचत होतो. एडिंबराचे पीटर गथ्री टेट, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. बॉल हवेत हिशोबापेक्षा जास्त वेळ का राहतो, या एका प्रश्नाने १८९०च्या दशकात त्यांची पाठ धरली. बॉलला लांब फीत बांधून तो मातीच्या ओल्या गोळ्यात मारायला लावत आणि फितीला किती पीळ पडले ते मोजत. त्यातून निघालं, की बॉल मागच्या बाजूला गरगरत असतो आणि त्या गरगरण्यानेच हवेत उचलला जातो. घरात प्रयोगाला माणूसही तयार होता : मुलगा फ्रेडी टेट, १८९६ आणि १८९८चा ब्रिटिश अ‍ॅमेच्योर विजेता. १९००मध्ये बोअर युद्धात तो मारला गेला. बाप पुढच्या वर्षी गेला.

'साइड स्पिन' म्हणून वेगळं काही नसतं, हे मला याच धाग्याने शिकवायला सोपं जातं. गरगरणं एकच, मागच्या दिशेचं. त्याचा आस आडवा असेल तर बॉल सरळ वर उचलला जातो, आस कलला तर ज्या बाजूला कलला त्या बाजूला वळतो. विमान पंख कलवून वळतं ते दाखवायला हात पसरले की मुलांना लगेच कळतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मुंबईहून आलेले एक गृहस्थ खुशीत होते : सात नंबरचा आयर्न पुण्यात लांब जातो. जातो खरा. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहोत, हवा विरळ, दोनेक टक्के फरक पडतो. पण त्यांचं कारण वेगळं होतं, 'मुंबईची दमट हवा जड'. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, कारण वाफेचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंहून हलका. गृहस्थांना हे अजिबात आवडलं नाही. फी मात्र दिली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ग्रेन. आमच्या ग्रीनवरचं बर्म्युडा म्हणजे आपल्या हरळीच्या कुळातलं, संकरित आणि बुटकं. हरळीसारखंच ते आडवं धावतं आणि पाती एका दिशेला कलतात. कलाच्या दिशेने बघितलं तर ग्रीन चकाकतं, उलट बघितलं तर काळपट दिसतं. चकाकीकडे बॉल पळतो, काळपटाकडे अडखळतो. खात्री करायची तर होलच्या कडेला बसावं. एक कड नीटस हिरवी असते आणि समोरची वाळकी, फाटलेली. होल कापताना तिकडच्या पात्यांची मुळं तुटतात, म्हणून ती मरतात. ग्रेन त्या फाटक्या कडेकडे जातो. आज पाच-सहा जणांना कपाभोवती गोल बसवलं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल काहीतरी हरवलंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

नववीतल्या मुलीचा तास. आईने टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकला चौथी येताना पाहिलं आणि मुलीला इकडे धाडलं. अदिती लांब मारणाऱ्यांतली नव्हे. तिला तिथवर नेलं पटरने, हे आईला ठाऊक आहे. त्यामुळे 'हिला ड्रायव्हर कधी देणार' हा प्रश्न या घरातून येत नाही, हे माझं नशीब.

आज मार्क स्वीनी यांच्या एमपॉइंट या ग्रीन वाचायच्या पद्धतीतलं पायांचं काम घेतलं. डोळे मिटून पटच्या रेषेवर दोन्हीकडे पाय टाकून उभं राहायचं आणि वजन कुठल्या पायावर येतंय ते सांगायचं. पहिल्यांदा ती डोळ्यांनी 'उजवीकडे' म्हणाली होती. पायांनी डावा सांगितला. पाणी ओतून बघितलं, डावीकडेच गेलं. (हे सरावाच्या ग्रीनवर. खेळताना बॉल लोळवून किंवा गवत घासून ग्रीन तपासायला नियमाने बंदी आहे, पायांनी उभं राहायला नाही.) मग कलाला एक ते पाच आकडे द्यायला लावले. तिचा 'दोन' आणि लेव्हल लावून आलेले दोन टक्के तासाभरात जुळायला लागले. कर्नलसाहेब शेजारी बघत होते. त्यांचा 'दोन' अजून कधी एक असतो, कधी चार.

शेवटी तिला एकच पट परत परत मारायला लावला, आणि प्रत्येकानंतर आधी 'कुठे निघाला' ते सांगायचं, मग 'का वळला'. होलात गेला की नाही हे सांगायची बंदी. तीनदा बॉल आत गेला आणि तरी ती म्हणाली, "हा चुकीचा निघाला होता."

३० नोव्हेंबर, रविवार

उद्यापासून सरावाच्या ग्रीनवर वाळू टाकणार आहेत. आठवडाभर तिथे ब्रेक शिकवण्यात अर्थ नाही, बॉल वाळूवर कुठेही उड्या मारतो. सगळ्यांना आयर्नवर घ्यायचं. स्लाइसवाल्याची काठी आता डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी चुकायला लागलीय, म्हणजे वाट हलतेय. कर्नलसाहेबांना फोन करून कळवायचं राहिलं, नाहीतर ते सव्वासहाला पटर घेऊन उभे असतील.