कन्येचा वाटा

वजीर गाजीउद्दीनाने १७४० साली वसविलेल्या गाझियाबादेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना अजान रोजच ऐकू येते. परंतु ज्या धर्माची ती हाक, त्याने मनुष्याच्या मुक्तीचा कोणता विचार मांडला, ह्याची विचारपूस आपल्या बैठकींत क्वचितच होते.

आमच्या कचेरीतील एका मुसलमान सहकाऱ्यांनी एकदा जकातीचा हिशेब आम्हांस समजावून दिला. वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा भाग द्यावयाचा, एवढे आम्ही ऐकून होतो. पण कुराणाने त्याच्या खर्चाची आठ सदरे नेमून दिली आहेत, हे आम्हांस नवे होते. त्यांत दरिद्री आहेत, कर्जबाजारी आहेत, वाटसरू आहेत आणि एक सदर चक्क गुलामांच्या सुटकेचे आहे! लेखाशीर्षे तपासण्यात आयुष्य चाललेल्या आमच्यासारख्यांना ह्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. दान दात्याच्या लहरीवर अवलंबून असते; नेमून दिलेल्या खर्चावर मात्र घेणाऱ्याचा हक्क पोहोचतो. इ. स. ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर काबागृहावरून अजान देण्याचा मान पूर्वीच्या एका हबशी गुलामाला, बिलालला, मिळाला, असे परंपरा सांगते.

तथापि पुढे कित्येक शतके मुसलमानी राज्यांत गुलामगिरी नांदली, हेही खरे. ग्रंथातील न्याय आणि घरातील व्यवहार ह्यांतील हे अंतर वारशाच्या बाबतीत तर फारच जाणवते. कुराणाने सातव्या शतकातच कन्येचा वाटा ठरवून दिला. तो पुत्राच्या निम्मा खरा, पण निश्चित. उलट आपल्याकडे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत कन्येला पुत्राइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने दिला तो १९९४ मध्ये, आणि केंद्राने २००५ मध्ये. परंतु १९३७ च्या शरीयत कायद्याने शेतजमीनच वगळली. आमचे सहकारी म्हणाले, “आमच्या गावी बहिणी हिस्सा मागत नाहीत. मागितला तर माहेर तुटते.” वाचकांना हे वाक्य परके वाटणार नाही.

मुंबई महानगरपालिकेत अनेक वर्षे अभियंता असलेले असगर अली इंजिनिअर (१९३९–२०१३) ह्याच अंतराशी जन्मभर झगडले. कुराणातील समतेचा आशय धर्मगुरूंच्या सत्तेतून मोकळा करावा, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी स्वतःच्या बोहरा समाजाचा रोष त्यांनी पत्करला. हमीद दलवाईंचा मार्ग वेगळा. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधानभवनावर नेला, तो सर्वांना समान अशा कायद्याची मागणी घेऊन. एकाने ग्रंथाचा आधार घेतला, दुसऱ्याने राज्यघटनेचा. दोघांच्या डोळ्यांपुढे मात्र घरातील तीच स्त्री होती. धर्माने वा कायद्याने दिलेला हक्क उंबरठ्याच्या आत येईपर्यंत तो कागदावरच राहतो, आणि तो आत घ्यावयाचा की नाही, हे ठरविणारे बहुधा आपल्यासारखे भाऊच असतात.

नुकताच गावाहून आमच्याकडे हक्कसोडपत्राचा मसुदा आला. बहिणीला समजावून तिची सही घ्यावी, असे चुलत्यांनी लिहिले होते. आम्ही तो कोराच परत केला आहे आणि वारसनोंदीत तिचे नाव आमच्या बरोबरीने लावावे, असे कळविले आहे. चुलत्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.