जामकाठचे सावरगाव

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीतून पांढुर्ण्यास उतरल्यावर आपण मध्य प्रदेशात आलो आहोत हे पाट्यांवरूनच कळते. कानी पडते ती आपल्याच वळणाची मराठी. संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख १९५६ च्या पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हाही झाला. पांढुर्ण्यासमोर, जाम नदीच्या पलीकडे, सावरगाव.

आम्ही गेलो ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी नागपुरात मुले लाकडी नंदी सजवून तान्हा पोळा साजरा करतात. येथे थोरली माणसे गोटे वेचतात. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधलेला असतो. तो पांढुर्णेकरांनी तोडून न्यायचा, सावरगावकरांनी राखायचा, आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव चालू ठेवायचा. हीच गोटमार. सावरगावची मुलगी आणि पांढुर्ण्याचा तरुण पळून जाताना नदीत अडकले, तेथून हे सुरू झाले, अशी आख्यायिका आहे. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो आणि वैर तेथेच संपते.

जखमी मात्र शेकड्यांनी मोजावे लागतात, आणि आजवर मृत्यूही घडले आहेत. म्हणून काठावर डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिका सज्ज ठेवतात. डोक्याला गंभीर मार लागलेल्यास नागपूर गाठावे लागते. एका तंबूत आम्ही भुवई फुटलेला एक पोरगा पाहिला. नदीचा चिखल जखमेत गेलेला, म्हणजे धनुर्वाताची भीती. डॉक्टर धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारीत होते. पोराचे लक्ष बाहेरच्या आरोळ्यांकडे. "डोळा वाचला बाप्पा," शेजारची आजी म्हणाली, "आता बस ना जरा!" टाके पडताच स्वारी पुन्हा नदीकडे!

प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते मानले नाहीत. आम्हांस येथे त्रिनिदादची आठवण झाली. त्या कॅरिबियन बेटावर कार्निव्हलच्या दिवसांत काठ्यांची झुंज होते आणि तीतही डोकी फुटतात. १८८० नंतरच्या दशकात इंग्रजांनी तिच्यावर निर्बंध घातले, तरी ती टिकली. आज पंचांसमोर, नियमांनी तिच्या स्पर्धा होतात. मात्र तेथे समोरासमोर दोघेच असतात. जामच्या पात्रात कोणाचा गोटा कोणास लागला हे कोण सांगणार?

परतताना तंबूत आणखी कापूस मागविला जात होता. झेंडा अजून उभाच होता.