मक्त्याचे वावर, घरचा धैंचा

अब्बांनी बावीस वर्षे दुसऱ्याचे वावर मक्त्याने वाहिले. दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. ज्यांना हा पट्टा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातली ही काळी जमीन. खाली पाणी आहे, पण खारे. तेच पाणी पिकाला दिले की जमीन आणखी चोपण होते. पावसाळ्यात पाय रुततो, उन्हाळ्यात भेगेत हात जातो.

शाळेच्या पुस्तकात हिरवळीच्या खताबद्दल वाचून मी एकदा अब्बांना विचारले होते, आपण का नाही पेरत? बोरू किंवा धैंचा दीड महिना वाढू द्यायचा आणि फुलावर येताच मातीत गाडायचा. धैंचा तर चोपण जमिनीतही तग धरतो. अब्बांना हे सगळे माझ्याआधीपासून माहीत होते. म्हणाले, "बेटा, मक्ता पाडवे तक का. आगे वावर किसके पास जाएगा, क्या मालूम?" मक्त्याचे पैसे आगाऊ मोजायचे आणि खरीप मातीत गाडायचा, हे ज्याची जमीन आहे त्यालाच परवडते. म्हणून आमच्याकडे मूग आणि त्यावर हरभरा. दोन्ही द्विदल, जमिनीला थोडेफार देणारे. पण मुगाच्या शेंगा तोडल्या की झाडेही मालकाच्या गोठ्यात जात.

पुढे भाईजानने अकोल्यात घर घेतले. मागे अर्धा गुंठा जागा, तीही विटांच्या तुकड्यांनी भरलेली. अब्बांनी ती वेचली आणि मृगाच्या पावसावर पाव किलो धैंचा फेकला. सहा आठवड्यांत कमरेच्या वर गेला. अम्मी म्हणाली, "इतना हरा-भरा, और काटते?" अब्बांनी एक झाड उपटले, मुळावरची गाठ नखाने फोडली. आत गुलाबी. हवेतला नत्र झाडासाठी धरणारे जिवाणू त्या गाठीत असतात आणि गुलाबी रंग म्हणजे त्यांचे काम चालू आहे. "अब देर की तो डंठल कड़क हो जाते," म्हणत त्यांनी विळा घेतला. कापलेले तुकडे फावड्याने मातीत दाबले आणि तीन आठवडे कुणाला तिथे पाऊल ठेवू दिले नाही. मग मेथी टाकली. मेथी चांगली आली, पण अब्बा रोज सकाळी फजरनंतर माती मुठीत दाबून बघायचे, मेथीकडे फारसे नाही.

अब्बांना जाऊन आता दोन वर्षे झाली. गाडी लावायला मागे फरशी करावी, असे भाईजान म्हणतो. त्याचेही खरे आहे, गल्लीत गाडीवर रोज ओरखडे येतात. मी अमरावतीहून महिन्यातून एकदा जातो. या वेळी पिशवीत पाव किलो धैंचा घेतला आहे. त्याला अजून सांगितलेले नाही. अम्मीला सांगितले. ती म्हणाली, पाऊस पडू दे आधी.