रिचर्ड फील्डची छपाई, हॅरिसनचा कागद

एलिझाबेथकालीन लंडनमध्ये मुद्रक कोण आणि प्रकाशक कोण, हे बहुधा कागदाच्या खर्चावरून ठरत असे. दोघेही १५५७ साली राजसनद मिळालेल्या स्टेशनर्स कंपनीचे, म्हणजे मुद्रक, बांधणीकार आणि पुस्तकविक्रेते यांच्या व्यावसायिक संघाचे, सभासद असत. परंतु छपाईचा कागद बहुतांशी फ्रान्सहून येई, पुस्तकाच्या खर्चातला मोठा वाटा त्याचाच असे, आणि तो ज्याने विकत घेतला त्याचे पैसे प्रती खपेपर्यंत अडकून पडत. मुद्रकाला मात्र छपाईची मजुरी मिळे. रिचर्ड फील्ड या लंडनच्या मुद्रकाच्या कारकिर्दीतला एक व्यवहार या हिशेबाखेरीज उलगडत नाही.

स्ट्रॅटफर्डच्या एका कातडी कमावणाऱ्याचा हा मुलगा १५७९ मध्ये लंडनला उमेदवारीसाठी आला, ब्लॅकफ्रायर्स भागातील ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, मुद्रक व्होत्रोलिए याच्या हाताखाली काम शिकला आणि १५८७ मध्ये मालक वारल्यानंतर त्याच्या विधवेशी विवाह करून छापखान्याचा धनी झाला. स्टार चेंबर या राजन्यायालयाने १५८६ मध्ये नव्या यंत्रांवर निर्बंध घातलेले असल्यामुळे, चालता छापखाना हाती येणे हे त्या काळी मोठेच भाग्य होते.

तेथील काम अंगमेहनतीचे होते. चतुष्पत्री, म्हणजे दोनदा दुमडून चार पाने होणाऱ्या, तावाच्या एका बाजूवर १, ४, ५, ८ आणि दुसऱ्या बाजूवर २, ३, ६, ७ ही पृष्ठे येत. त्यामुळे ओळीने जुळवत गेल्यास सातवे पृष्ठ होईपर्यंत एकही फर्मा, म्हणजे एका बाजूची चौकटीत आवळलेली पृष्ठे, यंत्रावर चढत नसे. एक कामगार लोकर किंवा केस भरलेल्या कातडी गोळ्यांनी खिळ्यांवर, म्हणजे जुळवलेल्या धातूच्या अक्षरांवर, शाई थापटी (कातडी कमावणाऱ्याच्या मुलाला हे साधन परके वाटले नसावे), आणि दुसरा ओलसर केलेला ताव बसवून दांडा ओढी. दाबपाटी अर्ध्याच फर्म्याला पुरत असल्याने प्रत्येक बाजूसाठी दांडा दोनदा ओढावा लागे.

१८ एप्रिल १५९३ रोजी फील्डने ‘व्हीनस अँड अ‍ॅडोनिस’ हे काव्य कंपनीच्या नोंदवहीत आपल्या नावे नोंदवले. कवी शेक्सपिअर हा त्याच्याच गावचा. पण नोंदीमुळे निर्माण होणारा छपाईचा हक्क कवीचा नसून नोंदवणाऱ्या सभासदाचा असे. या शृंगारकाव्याला मंजुरी कँटरबरीच्या आर्चबिशपची होती, हेही गमतीचेच. पुढे २५ जून १५९४ रोजी फील्डने हा हक्क जॉन हॅरिसन या पुस्तकविक्रेत्याकडे सोपवला, आणि काव्याच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघत गेल्या.

यावरून फील्डला अदूरदर्शी ठरवणे घाईचे होईल. कंपनीच्या १५८७ च्या नियमानुसार सामान्य पुस्तकाची आवृत्ती साधारण १,२५० ते १,५०० प्रतींपुरती मर्यादित होती, आणि कारागिरांना काम मिळत राहावे म्हणून जुळवलेले खिळे पुढील आवृत्तीसाठी तसेच राखून ठेवण्यास मनाई होती. त्यामुळे प्रत्येक पुनर्मुद्रणासाठी पहिल्या अक्षरापासून नवी जुळणी करावी लागे आणि तिची मजुरीही नव्याने मिळे. हक्क हॅरिसनकडे गेल्यावरही १५९६ पर्यंत हे काव्य फील्डच्याच यंत्रावर छापले जात होते. न खपलेल्या प्रतींची चिंता तेवढी हॅरिसनकडे गेली होती.