दुर्बिणीतून होईल ना?

पित्ताशयातील खडे असोत वा प्रोस्टेटची गाठ, शस्त्रक्रियेचा विषय निघाला की माझ्या दवाखान्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, दुर्बिणीतून होईल ना?" लहान छेद म्हणजे लहान आजारपण, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. पुष्कळदा ते खरेही ठरते. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न 72 वर्षांच्या एका काकूंनी मला विचारला, तो त्यांच्या डॅशहाउंड कुत्र्यासाठी.

काकू माझ्या जुन्या रुग्ण. यजमान गेल्यापासून घरात त्या आणि सहा वर्षांचा तो बुटका, लांबोडका जीव. सकाळीच त्यांचा फोन आला. कुत्रा रात्रीपासून मागचे पाय ओढीत होता, आणि स्वतःच्या कंबरदुखीची अर्धी गोळी त्याला द्यावी का, असे त्या विचारीत होत्या. मी स्पष्ट नकार दिला. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या आपल्या औषधांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्याला फळीवर आडवे ठेवून, पाठीला हिसका न बसू देता तातडीने पशुवैद्यांकडे न्या, असे सांगितले. दुपारी मीही तेथे पोहोचलो.

"माझीही गादी सरकली होती, तीन आठवडे पडून राहिले आणि बरी झाले. ह्याचेही तसेच होईल ना?" काकूंचा हा प्रश्न वरवर पाहता रास्त होता. परंतु माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. आपली गादी बहुधा त्याच्या बरीच खाली सरकते. तेथे असतात त्या नसा. कळ पायात उतरते, पण मज्जारज्जू सुरक्षित राहतो. कुत्र्याचा मज्जारज्जू मात्र कमरेच्या सहाव्या मणक्याच्या आसपासपर्यंत जातो, आणि डॅशहाउंडची गादी बहुधा फुटते ती शेवटच्या बरगडीच्या आगेमागे, म्हणजे थेट मज्जारज्जूवर. आखूड पायांच्या या जातीत गादीचा मऊ गाभा ऐन तारुण्यातच चुन्यासारखा कडक होऊ लागतो. सोफ्यावरची एक उडीही मग पुरेशी होते. कधी तेवढेही निमित्त लागत नाही.

पशुवैद्यांनी मागच्या पंजाचे बोट चिमट्याने दाबले. कुत्र्याने पाय आखडून घेतला, तशी काकूंना आशा वाटली. शल्यचिकित्सक मात्र त्याच्या तोंडाकडे पाहत होते. पाय आखडणे ही मज्जारज्जूची खालच्या खाली होणारी प्रतिक्रिया असू शकते. वेदना मेंदूपर्यंत पोहोचली की प्राणी मान वळवतो, कण्हतो. त्याने मान वळवली. ही खोल वेदना शाबूत असताना शस्त्रक्रिया झाली, तर दहांतील सुमारे नऊ कुत्री पुन्हा चालतात. ती हरपली की हेच प्रमाण जेमतेम निम्म्यावर येते.

मग आला तो दुर्बिणीचा प्रश्न. काकूंच्या भाच्याने त्यांना फोनवर लेसरविषयीही सांगितले होते. सुईवाटे गादीत लेसर सोडण्याची पद्धत आहे, अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्य विद्यापीठात ती विकसित झाली. परंतु ती पुढचा झटका टाळण्यासाठी, आधीच्या झटक्यातून सावरलेल्या कुत्र्यांसाठी. फुटून मज्जारज्जूवर बसलेला गाभा तिने निघत नाही. तो हाताने काढावाच लागतो. एमआरआयवरून नेमकी जागा ठरवून शल्यचिकित्सकांनी मिनी-हेमिलॅमिनेक्टमी केली. मणक्याच्या बाजूने, सांधा न तोडता, हाडाला लहानशी खिडकी पाडून आतला चुना खरवडून काढायचा. छेद लहानच होता. पण छेदाच्या लांबीपेक्षा मज्जारज्जू किती लवकर मोकळा होतो हे मोलाचे, असे त्यांनी काकूंना शांतपणे समजावले, आणि मला ते मनोमन पटले.

"एवढा खर्च कुत्र्यावर, आणि तुमच्या या वयात?" असे सुचवणारे नातेवाईकही होते. मला चिंता खर्चाची नव्हती, काकूंच्या पाठीची होती. छेद लहान असला तरी शुश्रूषा लहान नसते. चार आठवडे कठड्याच्या आत विश्रांती, पहिले काही दिवस दर सहा-आठ तासांनी ओटीपोट हलके दाबून लघवी करवणे, पोटाखाली टॉवेलची झोळी धरून चार पावले चालवणे. नऊ किलोंचे ओझे वाकून उचलायला मी काकूंना बंदी घातली. शेजारचा कॉलेजातला मुलगा सकाळ-संध्याकाळ येऊ लागला. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या बाजूला, पाठ आडवी, हे तो पहिल्याच दिवशी शिकला. लघवी करवण्याचे काम काकूंनी स्वतःकडे ठेवले, कुत्र्याला टेबलावर घेऊन, स्वतः ताठ उभे राहून.

दहाव्या दिवशी लघवी आपोआप होऊ लागली, सहाव्या आठवड्यात तो झोळीविना चालला. मागचा भाग अजून थोडा झोकांड्या खातो. फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून घरभर सतरंज्या अंथरल्या आहेत, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा आला आहे. सोफ्यावर चढायला कायमची मनाई आहे. काकूंची दुपारची डुलकी लागली की ती मोडण्याचे त्याचे प्रयत्न चालत. म्हणून सोफाच आता घरातून गेला आहे आणि आल्यागेल्याला खुर्चीवर बसावे लागते.